कावळा शिवण्याआधीचं शेवटचं वाक्य

समस्त ग्रामस्थ, पाहुणेमंडळी, माताभगिनी आणि मंडपाच्या मागे तंबाखू मळत उभे असलेले तरुण मित्र, सर्वांनी कृपया शांतता राखावी. एक अत्यंत गंभीर आणि महत्त्वाची सूचना आहे. गेल्या कित्येक वर्षांत भिवंडी तालुक्यात एकही वाईट माणूस मेलेला नाही. जे जे गेले ते सर्व मनमिळाऊ, हसतमुख, परोपकारी आणि कुटुंबवत्सल होते. तसेच या काळात आपल्या तालुक्यात कुणीही स्वतःहून जीव दिलेला नाही. सर्वजण अल्पशा आजाराने किंवा हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने गेले. सूचना संपली.

याला पुरावा काय, असं कुणी विचारलं तर पुरावा मी. हे सगळं माईकवरून मीच सांगितलेलं आहे.

मी निवेदक. सुधीरभाऊ माईकवाले म्हणून खारबावपासून कोनपर्यंत कुणालाही विचारा, घर दाखवतील, शिवाय माझी नक्कलही करून दाखवतील. वडील भिवंडीत शाळामास्तर होते. मुलानं बँकेत चिकटावं अशी त्यांची फार इच्छा होती. मी माईकला चिकटलो. माझे धंद्याचे विषय तीन. हळद, टेनिस बॉल क्रिकेटचे सामने आणि दहावा. हळदीला मी नवरदेवाच्या मामांची नावं त्यांच्या मानाप्रमाणे घेतो. एकाही मामाचं नाव मागेपुढे झालं तर लग्न मोडत नाही, पण माझं डोकं फुटू शकतं. सामन्यांत मी प्रत्येक चेंडूला 'गगनचुंबी' म्हणतो, तो यष्टिरक्षकाच्या हातात गेला तरी. आणि दहाव्याला मी श्रद्धांजलीचं सूत्रसंचालन करतो. तोच माईक, तोच कर्णा, तोच सदरा. आमच्या घरातून यावर एक कायमची टीका आहे. "तुम्ही हळदीला आणि दहाव्याला एकाच आवाजात बोलता. एक दिवस घाटावर 'वाजवा रे वाजवा' म्हणाल."

तसं एकदा जवळजवळ झालंच. कोनला एका आजोबांच्या दहाव्याला कुणाच्या तरी मोबाइलचं ब्लूटूथ आमच्या अँप्लिफायरला जोडलं गेलं आणि भटजी मंत्र म्हणत असताना घाटावर हळदीचं गाणं दणदणलं. सगळे गारठले. आजोबांची बायको, नव्वदीची म्हातारी, तेवढी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या रं, त्यांना आवडायचं." आणि त्याच क्षणी कावळा शिवला. आजही त्या गावात आजोबा नाचाचे शौकीन होते, असं सांगतात. ते आयुष्यात एकदाही नाचले नव्हते.

या गोष्टीवर मी बरीच वर्षं हसत आलो. मग हसायचं थांबलो. ते का, तेच सांगायचं आहे. या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे हळदीच्या गमतीजमती मागितल्या होत्या, हे मला माहीत आहे.

दहाव्याला निवेदकाचं काम काय, हे बाहेरच्यांना समजत नाही. नदीकाठी न्हावी मुलाभावांची डोकी करतो, म्हणजे तुळतुळीत भादरतो, भटजी पिंड मांडतात, आणि सगळे कावळ्याची वाट बघतात. ही वाट बघण्याची वेळ माझी. त्या वेळात मी आजी-माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, शाळेचे गुरुजी यांना एकेक करून बोलवायचं, लांबलं तर सदऱ्याला हात लावून थांबवायचं आणि लोकांचं लक्ष पिंडावरून थोडं हलतं ठेवायचं. कावळा लगेच आला तर माझं काम पाच मिनिटांत संपतं. नाही आला, की घरचे पुढे येतात. गेलेल्याची काही इच्छा राहिली असेल म्हणून एकेकजण हात जोडून वचन देतो. बहिणीचं लग्न करू. घराचा स्लॅब टाकू. गाय विकणार नाही. ज्या वचनावर कावळा उतरतो ती इच्छा, असं धरायचं.

म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या मरणात यात एक गोडवा असतो. पण माणूस स्वतःहून गेलेला असला, की तोच घाट कोर्ट होतो.

असा दहावा मला गाडीतून उतरताक्षणी कळतो. कुणी सांगावं लागत नाही. माणसं नेहमीपेक्षा जास्त आलेली असतात आणि पुढची सतरंजी रिकामी असते. चहा सगळे उभ्यानं पितात. एरवी ज्याच्या हातातून माईक काढून घ्यायला दोन माणसं लागतात तो माजी सरपंच "ईश्वर आत्म्यास शांती देवो" एवढंच म्हणून माईक परत देतो. फ्लेक्सवरचा फोटो कुणाच्या तरी लग्नातला असतो, हसरा. त्याच्या खांद्यावर दुसऱ्या कुणाचा तरी हात राहिलेला असतो, तो कापायचा विसरलेला. आणि प्रत्येकाकडे एक शेवटची भेट असते. "परवा तर माझ्याकडून काडेपेटी घेऊन गेला." "सोमवारी नाक्यावर हात केला त्यानं, मी गाडीवर होतो, थांबलो नाही." सांगणारा हे मला सांगत नसतो, कुणालाच सांगत नसतो. तो त्या हात केलेल्या जागेवर अजून उभा असतो.

आता वचनांची गोष्ट. अशा दहाव्याला वचनांनी भागत नाही. प्रत्येकजण कारण सांगतो. तो का गेला असेल याचा अंदाज जो तो हात जोडून पिंडापुढे ठेवतो, आणि ज्या अंदाजावर कावळा उतरतो ते कारण गावात कायमचं कोरलं जातं. खारबावच्या बाजूच्या एका आईचं मी पाहिलं. कॉलेजातला मुलगा गेला. कावळा येईना. ती माउली पुढे झाली आणि म्हणाली, "बाला, मी तुला त्या दिवशी वराडले, वराडायला नको व्हतं." तेवढ्यात मागच्या झाडावरून कावळा खाली आला. त्याला भूक लागली असेल, वारा पडला असेल, न्हावी बाजूला सरकला असेल. पण झालं. आईच्या ओरडण्यानं पोरगा गेला, असा निकाल लागला. त्यानंतर तिच्याच पुतण्याच्या हळदीला मी गेलो होतो. बायका गाणी म्हणत होत्या, आणि ती ओठ हलवत होती, आवाज काढत नव्हती. शेजारणीनं मला सांगितलं, घरातसुद्धा ती आता हळूच बोलते. दूध उतू गेलं तरी कुणाला हाक मारत नाही.

त्या दिवसापासून माझ्या कामाचा एक नियम झाला. कावळा शिवण्याआधीचं शेवटचं वाक्य कुणाच्या तोंडी पडतं, यावर लक्ष ठेवायचं. कावळा माझ्या हातात नाही. माईक आहे.

भरतचा दहावा अंबाडीच्या अलीकडच्या एका गावात होता. भरत भिवंडीत यंत्रमागाच्या शेडमध्ये जॉबर होता. जॉबर म्हणजे लूम बिघडली की ती लावून देणारा माणूस. विणणारे उत्तरेकडचे, जॉबर बरेचदा आपल्याकडचा. चाळिशीचा, चांगला कारागीर. सामन्यांत आमच्याकडे पंच म्हणून उभा राहायचा आणि आपल्या गावाच्या विरुद्धसुद्धा बोट वर करायचा, म्हणून त्याला दोनदा मारही बसला होता. मागे बायको सुनंदा, नववीतली मुलगी, धाकटा भाऊ जगन आणि वडील, ज्यांना सगळे आप्पा म्हणत. आप्पा शेतकरी माणूस. भात, वाल आणि गप्प बसणं एवढंच त्यांनी जन्मभर केलं.

फ्लेक्सवर 'अल्पशा आजाराने' असं लिहिलेलं होतं. मी नेहमीप्रमाणे तेच वाचलं. त्या दिवशी माझ्या हे लक्षात आलं की मी आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललोय. भरत आजारीच होता. कित्येक महिने त्याला झोप नव्हती. जेवण जात नव्हतं, लूमचा आवाज सहन होत नव्हता, गर्दीत घाम फुटायचा. जगननं देवऋषी केला, लिंबू-नारळ केलं. शेवटी सुनंदा त्याला एस.टी.त घालून ठाण्याला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. दोनदा गेले. गोळ्या सुरू झाल्या. आणि त्यानंतर हे झालं.

मग गावाला आणखी काय हवं? मी वायर जोडत होतो तेव्हाच बायकांच्या बाजूनं ऐकू आलं. "तिनंच याडा ठरवला त्याला." "येड्यांच्या डाक्टरकडं न्हेलं की माणूस मनानं मरतंच." सुनंदा तिथेच, हाताच्या अंतरावर बसली होती. तिच्या मांडीवर मुलीचं डोकं होतं आणि ती मुलीच्या केसांतून नुसती बोटं फिरवत होती.

घाटाच्या वरच्या कडेला, सगळ्यांपासून लांब, एक माणूस चपला हातात धरून उभा होता. मी पाणी प्यायच्या मिषानं गेलो. तो सलीमभाई, भरतच्या शेडमधला विणकर. सकाळच्या शिफ्टला दार उघडणारा पहिला माणूस तो होता. म्हणजे भरत त्याला दिसला. याहून जास्त तो बोलला नाही आणि मी विचारलं नाही.

"चप्पल घालो ना, भाई. पाय भाजतील," मी म्हटलं.

"मय्यत की जगह है ना."

"अरे, घाट आहे हा. सगळ्यांनी घातल्यात."

तरी त्यानं त्या खाली ठेवल्या नाहीत. म्हणाला, "सुधीरभाऊ, आपको एक बात पूछूँ? अभी शेड में जाता हूँ तो दरवाज़ा मैं नहीं खोलता. दूसरा कोई खोले तब तक बाहर बीड़ी पीता हूँ. मैं तो बीड़ी पीता ही नहीं था. ये कब जाएगा?"

त्या सकाळी पोलीस आले, पंचनामा झाला, त्याचा जबाब घेतला आणि दुपारी मालकानं शेड सुरू केली. सलीमनं त्याच दिवशी ड्युटी भरली. जो बघतो त्याचा दहावा कोण करतं? मी त्याला म्हटलं, कुणाशी तरी बोल. तो म्हणाला, आप से बोल रहा हूँ ना. मग म्हणाला, "एक बात है. डॉक्टर के यहाँ से आया था ना, उसके दूसरे दिन भरतभाई ने पूरी लाइन को चाय पिलाई. बोला, सलीम, रात को चार घंटा सोया. ऐसे बोला जैसे लॉटरी लगी हो."

हे वाक्य मी खिशात घालून खाली आलो.

खाली पिंड मांडून झाले होते. झाडावर कावळे होते, चांगले चार-पाच. येत मात्र नव्हते. मी सरपंचांना बोलावलं. सरपंच दोन वाक्यं बोलून बसले. मी गुरुजींना बोलावलं. गुरुजींनी भरत लहानपणी गणितात हुशार होता असं सांगितलं आणि रडले. भटजींनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे आता घरच्यांना घ्या.

जगन पुढे झाला. डोकं नुकतंच केलेलं, अंगावर ओला टॉवेल. हात जोडून म्हणाला, "दादा, तुझ्या पोरीला मी शिकवीन. ये." कावळे बसून. "दादा, आप्पांना मी बगीन." नाही. मग त्यानं वळून घाटावरच्या माणसांकडे बघितलं. "दादा, तुला त्या येड्यांच्या डाक्टरकडं न्हेला, ती चूक झाली. तुला याडा ठरवला. माफ कर आमाला."

एक कावळा खालच्या फांदीवर आला.

घाटावरून एक आवाज उठला, त्याला शब्द नव्हते. सगळ्यांना तेच हवं होतं असं नाही, पण सगळ्यांना काहीतरी हवं होतं. जगननं लगेच ओळखलं. "वयनी, तुमी या. तुमी न्हेला व्हता त्याला. तुमी सोता माफी मागा. माईकवर बोला. दादाला ऐकू जाऊ द्या."

आता मी काय केलं ते सांगतो. मी तमाशा केला. "मंडळी, एक मिनिट! एक अत्यंत तातडीची सूचना! रस्त्यात उभी असलेली निळी मोटारसायकल ज्यांची असेल त्यांनी..." निळी मोटारसायकल नव्हतीच. मी पोलीस पाटलांना बोलावलं, ते नाही म्हणाले. मी हजर असलेल्या भजनी मंडळाची नावं वाचली. मग मी तोंडाला येईल ते बोलत सुटलो आणि म्हटलं, "भरतभाऊंचे कामावरचे सहकारी, श्री. सलीमभाई, यांना मी दोन शब्दांसाठी विनंती करतो!"

सगळ्या माना वर वळल्या. सलीमभाई चपला हातात घेऊन खाली आला. माईक त्यानं दोन्ही हातांनी धरला, एका हातात चपला तशाच. चहाची गोष्ट सांगितली. चार तासांच्या झोपेची सांगितली. "भाभी के वास्ते बोला, मेरी औरत ने मेरे को बचाने की कोशिश करी. बस, इतना बोला." आणि माईक माझ्याकडे देऊन तो वर निघून गेला, पहिल्यापेक्षाही लांब.

खालच्या फांदीवरचा कावळा परत वर जाऊन बसला.

"हे काय लावलंय, भाऊ?" जगन माझ्यावर आला. त्याचे डोळे लाल होते. तो वाईट माणूस नव्हता, हे लिहिताना मला मुद्दाम लिहायचंय. भावाला उचलून घरी आणणारा तोच होता. त्याला एक कारण पाहिजे होतं, हातात धरता येईल असं. "कामावरच्या माणसाला काय इचारता? घरचं घरात हाय. वयनी, या तुमी."

सुनंदा उठली. मुलीचं डोकं तिनं सतरंजीवर अलगद ठेवलं. ती आली आणि माझ्यापुढे हात केला. मी माईक मागे धरला. चक्क पाठीमागे धरला, लहान पोरासारखा. "वहिनी, तुम्ही राहू द्या. बसा तुम्ही. बोलायलाच पाहिजे असं नसतं."

"द्या भाऊ," ती म्हणाली. "इतकं जन बोललं. माझं बी ऱ्हायलंय."

द्यावा लागला. मी झाडाकडे बघत होतो. दोन कावळे खाली सरकले होते. मी आयुष्यात देवाला फार काही मागितलेलं नाही; त्या वेळी मात्र मनात म्हटलं, आता नको. काय वाटेल ते कर, आता नको.

"माफी कसली मागू?" सुनंदा म्हणाली. आवाज बारीक होता. कर्ण्यातून तो सगळ्या नदीवर गेला. "झोप न्हवती त्याला. रातभर भिताडाला टेकून बसायचा. माला म्हनायचा, तू झोप, मी हाय. पहिली गोळी घेतली त्या राती झोपला, तवा मी उठून बसले नि रडले. आता येत्या मंगळवारची डाक्टरची तारीख व्हती. त्या दिवशी मी परत न्हेला असता. पुन्ना न्हेला असता. उद्या माझ्या पोरीला झोप आली न्हाय, तर तिला बी न्हेन. कावल्याला यायचं तर येऊ दे, न्हाय तर ऱ्हाऊ दे."

बायकांच्या बाजूनं कुणी हुंदका दिला, तो पदरात दाबला. मी माईक परत घेतला आणि त्याचं बटण बंद केलं. इतक्या वर्षांच्या धंद्यात मी मधेच माईक बंद केला, असं तेव्हा एकदाच झालं.

पुढचं सांगायच्या आधी एक सांगतो, कारण नंतर लोक मला तेच विचारत राहिले. भरतच्या पिंडाला कावळा शिवला. पण केव्हा शिवला ते कुणालाही माहीत नाही. भटजींनी पाहिलं नाही, जगननं नाही, मीही नाही. आम्ही पिंडाकडे बघितलं तोवर भात विस्कटलेला होता आणि पान वाऱ्यानं हलत होतं. शंभर-दीडशे माणसं तासभर त्या एका पानावर डोळे लावून बसली होती, आणि नेमक्या त्या वेळी सगळ्यांची पाठ तिकडे होती. सगळे आप्पांकडे बघत होते.

आप्पा पायरीवर बसलेले. उघडे, ओल्या धोतरात, केलेल्या डोक्यानं. भरत गेल्यापासून त्यांच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. अग्नी देतानाही नाही. ते एका हातानं पायरी धरून उठले, आणि त्यांच्याकडे माईक नव्हता तरी वरच्या कडेला उभ्या सलीमभाईला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले:

"सुनंदा, माला बी झोप न्हाय गं! कवाधरनं न्हाय! त्याचा नंबर लावलाय ना मंगळवारचा? मंग त्या नंबरावर माला न्हे!"